बोलणारे खोके

४ मार्च

प्रिय ठिणगी,

पाकिटावरचे अक्षर पाहून तू म्हणाली असशील, "आलं परिपत्रक." म्हण. इतक्या वर्षांत मला कोणी त्या नावाने चिडवलेले नाही आणि खरे सांगायचे तर चिडायची सवयच मोडत चालली आहे.

मुद्द्यावर येते. बाबांची काचकामाची कार्यशाळा एप्रिलअखेर रिकामी करून द्यायची आहे. जागामालकाला तिथे गोदाम करायचे आहे. फुंकनळ्या, चिमटे, काचनळ्यांचे गठ्ठे मी रोज थोडेथोडे आवरते. मोठा बर्नर एका कॉलेजच्या प्रयोगशाळेने मागितला आहे. बाबा म्हणाले, "देऊन टाक." मी अजून होकार कळवलेला नाही. त्या बर्नरपुढे पुन्हा कधी बसायचे तुझ्या मनात असेल, तर एप्रिल संपायच्या आत कळव. हे विचारायला बाबांनी सांगितलेले नाही. मी माझ्या जबाबदारीवर विचारते आहे.

आता दुसरी गोष्ट. खिडकीजवळच्या फळीवर, भंगाराच्या पेटीच्या बरोबर वर, तुझा कंडेन्सर, वाफ थंड करणारी ती काचेची दुहेरी नळी, सापडला. तोच, ज्याच्या पोटातली वेटोळ्यांची नळी तू एकटीने वळवली होतीस, आणि जो गिऱ्हाइकासमोर हातात घेऊन बाबा म्हणाले होते, "जोड दिसतो. फोड." तू फोडला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन गेलीस. गंमत अशी की त्यांनीही तो फोडलेला नाही. जोड दिसणारी वस्तू त्या कार्यशाळेत संध्याकाळपर्यंत टिकत नसे, हे मी तुला सांगायला नको. विचारले तर म्हणाले, "राहिला असेल." धूळ मात्र त्यावर नव्हती.

वस्तू तुझी आहे, तेव्हा तुझ्याकडे पाठवते आहे. आणि ती कशी बांधली हे सांगितल्यावाचून मला राहवणार नाही, तेव्हा निमूटपणे वाच.

खोके नवे घेतले. एकदा प्रवास केलेला पुठ्ठा वरून धडधाकट दिसला तरी त्याच्या दोन थरांमधल्या पन्हळी दबलेल्या असतात, आणि पुठ्ठ्याची सगळी ताकद त्या पन्हळींत असते. बाजूच्या भिंतींतल्या पन्हळी उभ्या हव्यात. उभ्या पन्हळी म्हणजे रांगेत उभे केलेले खांब. त्यांच्यावर दुसरी खोकी रचली तरी ते भार पेलतात. (किती सुंदर कल्पना आहे ही! कागदाला नुसती लाट दिली की त्याचा खांब होतो. मी हे दरवर्षी नव्या वर्गाला सांगत असे आणि दरवर्षी मलाच नव्याने आनंद होत असे.) कंडेन्सरची दोन्ही तोंडे कापसाने झाकून वर कागदाच्या टोप्या घातल्या, कारण काच मोडते ती बहुधा टोकाला. मग तो फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून लहान खोक्यात ठेवला आणि ते लहान खोके मोठ्या खोक्यात. दोघांमध्ये सगळ्या बाजूंनी चार बोटे जागा, आणि त्या जागेत चुरगळलेला कागद. हा कागद ठासून भरायचा नाही आणि सैलही सोडायचा नाही. उशीसारखा हवा: दाबला तर दबावा, सोडला तर परत यावा.

चिकटपट्टी मधल्या फटीवर एक आणि दोन्ही कडांवर एकेक. सुतळी नाही, सुतळी यंत्रांत अडकते. शेवटचे टोक मुडपून बाबांचा 'कान' ठेवला आहे, म्हणजे कान धरून ओढले की पट्टी सरळ निघते. घेणाऱ्याला सुरी शोधायला लावायची नाही, हा त्यांचा नियम तुला आठवत असेलच. पत्त्याची बाजू समोर धरली की माझा कान उजव्या टोकाला येतो. तू डावरी, तुझा डाव्या टोकाला यायचा, आणि बाबा म्हणायचे, "हिचं खोकं उलट्या कानाचं."

पट्टीचे टोक रिळावर हरवले होते. मी चष्मा लावून शोधत बसले. बाबांनी नुसते बोट फिरवून काढून दिले. मग त्यांनी खोके कानाशी धरले, हलवले, ऐकले. आत काही हलले, खोके 'बोलले', तर पुन्हा बांधायचे; मुके राहिले तर पाठवायचे. बाबा म्हणाले, "मुकं आहे. जाऊ दे."

त्यांची तब्येत उत्तम आहे.

तुझी
ताई

१९ मार्च

प्रिय ठिणगी,

खोके तुला मिळाले आहे. मला हे कळले आहे, तेव्हा मिळाले नाही असे समजून मी गप्प बसेन या भ्रमात राहू नकोस. टपाल कार्यालयातल्या काउंटरवरच्या बाई पावतीवरचा क्रमांक यंत्रात घालून पाहतात. मी रोज जात होते. चौथ्या की पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचं खोकं परीक्षेला बसलंय का? रोज निकाल विचारताय!"

मी म्हटले, "बसलंय असंच समजा."

"मग वाटा पेढे. पोहोचलं. सही करून घेतलंय."

घरी येऊन बाबांना सांगितले.

"पोहोचलं?"

"पोहोचलं."

"मग?"

"मग काय?"

"काही नाही. मग म्हणजे मग."



तू अजून उघडले नसशील, असे मी धरून चालते. उघडताना खोके टेबलाच्या मध्यभागी ठेव, कडेला नको. खाली जुने पांघरूण पसर. कान ओढ, पट्टी वरच्या दिशेने न ओढता पुठ्ठ्याला लगटून मागे ने, म्हणजे कागद सोलवटणार नाही. आतले खोके बाहेर ओढू नकोस. आधी भोवतीचा कागद काढ, म्हणजे ते आपोआप मोकळे होईल. कंडेन्सर टोकाला धरू नकोस, पोटाला धर. हे तुला, जिचे हात रोज काचेत असतात तिला, मी सांगते आहे, हे माझ्या लक्षात आहे. तरी सांगते आहे, हेही माझ्या लक्षात आहे.

मध्ये उठून आले. बाबांनी हाक मारली होती. दुपारी दोन वाजता दिवा लावायला सांगतात. म्हणतात, ढग आले आहेत. मी दिवा लावते. ढग आले आहेत असेच म्हणते.

कार्यशाळेतल्या वस्तू बांधून होत आल्या. एक खोके पूर्ण बांधते आणि दुसऱ्या दिवशी सोडून पुन्हा बांधते, काही राहिले असेल असे वाटून. काही राहिलेले नसते. हात थांबले की मला घरभर फिरावे लागते. परवा दोघे दवाखान्यात जाऊन आलो. विशेष काही नाही, नेहमीची तपासणी. येताना बाबा फुटपाथच्या कडेला अडखळले, पण फुटपाथ तिथे खरोखरच उखडलेला आहे.

बर्नरचे काय ते कळव. कॉलेजच्या प्रयोगशाळेचे साहेब फोन करतात. मी त्यांना सांगते की त्याची मोजमापे घेणे चालू आहे. बर्नरची मोजमापे मी किती दिवस घेऊ शकते?

ताई

२ एप्रिल

ठिणगी,

हे पत्र बाबांच्या नकळत लिहिते आहे. 'डोळ्यांचं भांडवल करून कुणाला बोलवायचं नाही,' अशी त्यांची ताकीद आहे, आणि मी ती या ओळीने मोडली.

त्यांना दिसत नाही. म्हणजे उजेड दिसतो, माणसाची आकृती दिसते, खिडकीतला चौकोन दिसतो. माझे तोंड दिसत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या की आयुष्यभर ज्योतीकडे पाहिल्याने मोतीबिंदू झाला आहे. तो काढता येईल, पण मागचा पडदाही दुखावलेला आहे, त्यामुळे काढूनही किती दिसेल याची खात्री त्या देत नाहीत. शस्त्रक्रिया मेच्या पहिल्या आठवड्यात आहे. त्यांनी विचारले, "काम करताना रंगीत चष्मा वापरत नव्हता का?"

बाबा म्हणाले, "धाकटीने आणून दिला होता."

"मग?"

"रंगीत काचेतून ज्योत खोटी दिसते."

"आता खरी तरी दिसते का, काका?"

बाबा हसले. दवाखान्यात हसले, रिक्षात नाही.

तो चष्मा ड्रॉवरमध्ये आहे, तू दिलास त्याच डबीत. तो मी अजून कुठल्या खोक्यात घातलेला नाही, कारण तो कोणत्या गटात मोडतो हे मला ठरवता येत नाही. हत्यारांत घालावा तर कधी वापरला नाही. भंगारात घालावा तर नवा आहे.

कालची गोष्ट. बाबा विझलेल्या बर्नरपुढे स्टुलावर बसले होते आणि हवेत एक नळी फिरवत होते. हातात नळी नव्हती. दोन्ही हात सारख्या गतीने, अंगठा वर, अंगठा खाली. मी दारातून पाहिले आणि आत न जाता घरी आले. मग भांडी घासली. घासलेलीच होती.

तू ये, असे मी लिहिणार नाही. तसे लिहिले तर तू येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. मी केवळ वस्तुस्थिती कळवते: बर्नर अजून जागेवर आहे, गॅसची जोडणी चालू आहे, आणि बाबा काहीही म्हणत नाहीत.

ताई

१३ एप्रिल

ठिणगी,

खोके परत आले.

काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे सरकवले. एरवी काही ना काही बोलतात, आज एवढेच म्हणाल्या, "मॅडम, हे तुमचंच ना?" माझेच. माझी मोठी चौकोनी अक्षरे, त्यांवर आडवी रेघ, आणि शेजारी नव्या कागदावर आमचा पत्ता, तुझ्या हातचा. तू ते सही करून घेतलेस आणि परत पाठवलेस.

रस्त्यातच मी ते कानाशी धरले. ते बोलले. काच बोलली, ठिणगी. काचेचे तुकडे एकमेकांवर पडतात तो आवाज आपण दोघी झोपेतही ओळखू.

फुटला याचे मला इतके वाईट वाटलेले नाही. मी बांधलेले खोके इतक्या लांब जाऊन आले, कुठे तरी आपटले असेल. चार बोटांची जागा सहा बोटांची ठेवायला हवी होती. वाईट याचे वाटले की उघडून पाहण्याएवढीही त्याची किंमत तुला वाटली नाही. वयस्कर माणूस तुझी वस्तू इतकी वर्षे फळीवर ठेवतो, रोज पुसतो, आणि तू पत्ता बदलून ती त्याच्याच दारात टाकतेस! शिव्या द्यायच्या होत्या तर शिव्यांचे पत्र लिहायचे होतेस. मला चालले असते. मी शुद्धलेखन तपासून बाबांना वाचून दाखवले असते.

खोके मी व्हरांड्यात भिंतीशी ठेवले आणि वर जुनी चादर टाकली. उघडले नाही. उघडून काय पाहायचे? बाबांना सांगितलेले नाही. त्यांनी विचारले, "टपालात काही?" मी म्हटले, "विजेचं बिल."

कॉलेजच्या साहेबांना होकार कळवला. ते वीस तारखेला टेम्पो घेऊन येतील. बर्नर कसा बांधायचा ते त्यांना नीट समजावून सांगितले. फार वेळ सांगितले असावे, कारण शेवटी ते म्हणाले, "बाई, आमच्याकडे माणसं आहेत."

हे पत्र उद्या टाकते.

१५ एप्रिल

प्रिय ठिणगी,

वरचे पत्र टाकलेले नाही. ते फाडणार होते, पण मग विचार केला की या पाकिटात तेही घालावे, म्हणजे मी तुला काय काय म्हटले ते तुझ्याकडे राहील आणि पुढची वीस वर्षे तुला मला चिडवायला कामी येईल.

आज सकाळी बाबा व्हरांड्यात आले आणि त्यांची नडगी खोक्यावर आपटली.

"हे काय वाटेत ठेवलंस?"

"रिकामं खोकं आहे."

"रिकामं खोकं असं लागत नाही."

मग ते सरळ खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून देवळातसुद्धा खुर्ची मागणारा माणूस फरशीवर मांडी घालून बसला. चादर बाजूला केली. हात फिरवून पत्त्याचा कागद कुठे आहे ते शोधले, तो आपल्याकडे करून खोके सरळ ठेवले आणि मधल्या पट्टीवरून बोट नेले. उजव्या टोकापर्यंत. मग डाव्या टोकापर्यंत. तिथे थांबले.

"तू कधीपासून डाव्या हाताने बांधायला लागलीस?"

मी पाहिले. मधल्या फटीवरची पट्टी माझी नव्हती. कान डावीकडे होता.

मुलांना मी आयुष्यभर एकच गोष्ट घोकायला लावली: आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. आणि मी निष्कर्ष काढून त्यावर चादर टाकली होती, ठिणगी.

"पण बाबा, ते बोलतंय," मी म्हटले. "आत काच फुटली आहे."

त्यांनी ते उचलून कानाशी धरले. एकदा हलवले, हळूच. पुन्हा हलवले.

"फुटलीय खरी. पण ही मोकळी नाही बोलत. डब्यात बोलतेय."

आणि त्यांनी कान ओढला.

तुझ्या बांधणीबद्दल मला सविस्तर बोलायचे आहे, ते मी नंतर बोलेन. आत्ता एवढेच लिहिते की माझे खोके तू पुन्हा वापरलेस ही चूक आहे, पण त्याच्या चारही कोपऱ्यांना आतून पुठ्ठ्याचे उभे कोन लावलेस, ही मला कधीही न सुचलेली गोष्ट आहे. उभ्या पन्हळींचे कोन! मी ते बाबांना तीनदा समजावून सांगितले. ते म्हणाले, "कळलं. पुढे वाच."

कारण झडपेच्या आतल्या बाजूला तू काचेवर खुणा करायच्या पेन्सिलीने लिहिले होतेस. मी मोठ्याने वाचले:

"जुना मीच फोडला. जोड दिसत होता. तुकडे डब्यात आहेत, मोजून घ्या. नव्याचा जोड बाबांनी शोधायचा. ताईने नाही, आणि चष्मा लावून तर अजिबात नाही. सापडला तर पार्सल परत पाठवा. नाही सापडला तर बर्नर बांधू नका, मी येते."

बिस्किटांच्या डब्यातले तुकडे बाबांनी नुसते हलवून ऐकले आणि बाजूला ठेवले. मग आतल्या खोक्यातून नवा कंडेन्सर काढला. पोटाला धरून. वेटोळी मी मोजली नाहीत, पण ती इतकी सारखी होती की उजेडात धरल्यावर आतून एकच रेघ फिरत गेल्यासारखी दिसत होती. बाबांना ती दिसली नाहीत. त्यांनी फक्त उजेडाकडे तोंड केले आणि उजव्या अंगठ्याचे नख काचेवर ठेवले.

तुला ते नख माहीत आहे. त्या नखाने या घरात किती वस्तू भंगारात गेल्या, त्याची मोजदाद नाही.

वरच्या तोंडापासून सुरुवात केली. नख खाली आले, गोल फिरले, पुन्हा वर गेले. आतली नळी बाहेरच्या नळीला मिळते ती जागा ओलांडली. न थांबता ओलांडली. मग दुसरे तोंड. मी उभीच होते. बसायला सुचले नाही. शेजारच्या घरात कोणी तरी रेडिओ लावत होते आणि त्यांना केंद्र सापडत नव्हते. मला तिथे जाऊन तो रेडिओ बंद करावासा वाटला.

दुसऱ्या तोंडाशी नख पुढे गेले. मागे आले. आणि थांबले.

तू म्हणशील, हे लिहायची गरज होती का? होती. तू निरीक्षण मागितले आहेस आणि मी निरीक्षण अर्धे कळवत नाही. नख थांबले, मी पाहिले. तिथेच एकदा इकडे, एकदा तिकडे, केसभर. बाबांच्या कपाळाला ती आठी पडली, जी पाहून आपण दोघी स्टुलावरून उतरायचो.

मग ती आठी गेली. त्यांनी कंडेन्सर मांडीवर घेतला आणि त्यावर हात ठेवला, जसा झोपलेल्या माणसावर ठेवतात.

"लिही तिला," ते म्हणाले. "नाही सापडला."

"नक्की?"

"तुला लिहायला सांगितलंय. विचारायला नाही."

थोड्या वेळाने म्हणाले, "तो चष्मा कुठे आहे? रंगीत."

"ड्रॉवरमध्ये."

"बाहेर काढून ठेव. ती आली की लागेल. आणि त्या कॉलेजवाल्याला सांग, बर्नर बिघडलाय."

"बर्नर बिघडलेला नाही, बाबा."

"मग सांग की तुझी मोजमापं चुकली. तुझं ते ऐकतील, तू मास्तरीण आहेस."

मी साहेबांना फोन केला. त्यांनी कारण विचारायच्या आत मीच कारण सांगायला सुरुवात केली आणि इतका वेळ सांगत राहिले की शेवटी त्यांनीच "असू दे, असू दे" म्हणत फोन ठेवला. त्यानंतर मी जागामालकाकडे गेले. तेही तू आल्यावर सांगेन. एवढे कळवते की त्यांना गोदाम लगेच हवेच आहे असे काही नाही.

आता तुझ्या अटीचा प्रश्न. जोड सापडला तर पार्सल परत पाठवायचे, असे तू म्हटले आहेस. बाबा म्हणाले, नाही सापडला. मी म्हणते, त्यांचे नख थांबले. दोन साक्षी जुळत नाहीत, आणि तू न्याय करशील तो करशील. पण परत पाठवायचे झाले तर खोके लागते. तुझे खोके मी सगळ्या पट्ट्या सोलून, चारही कोन काढून, पन्हळींच्या दिशेने घड्या घालून सपाट केले आणि रद्दीत दिले. एकदा प्रवास केलेला पुठ्ठासुद्धा पुन्हा वापरू नये, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिले होते.

नवे खोके माझ्याकडे नाही. आणण्याचा विचारही नाही.

ये.

तुझी
परिपत्रक